वायरची पिशवी, कोचीचा पाऊस

आमच्या अवसरीचा पाऊस भीमाशंकरला पंगत झोडतो आणि आमच्याकडे फक्त हात धुवायला येतो. आषाढ लागला की चार दिवस भुरभुर. अंगणात चिखल होतो, पण ओढा काही हलत नाही. अशा भुरभुरीत मी कांद्याच्या चाळीत बसून नासके कांदे वेचत असते. हात आपले चालू, डोकं मोकळं, आणि नाकाशी ओल्या बारदानाचा वास. गेल्या वर्षापासून हा वास आला की मी अवसरीत राहतच नाही. थेट कोचीला जाऊन पोचते.

चाळीच्या दाराशी एक खुंटी आहे. तिच्यावर कैक वर्षं एक वायरची पिशवी असायची, हिरवी-पांढरी. सध्या खुंटी मोकळी आहे आणि तिथं दुसरं काही अडकवायला कोणी गेलं की मी ओरडते. आमचे मालक परवा तिथं रेनकोट टांगत होते. माझा आवाज ऐकून हात मागे घेत म्हणाले, "अगं, खुंटी हाय ती. देव्हारा न्हाई."

"असू दे. ती जागा दिलेली हाय," मी म्हटलं. जागा कोणाला दिलेली आहे हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून रेनकोट मुकाट्यानं दुसरीकडे गेला.

ती पिशवी आम्ही दोघींनी विणली होती, दहावीची परीक्षा दिल्यानंतरच्या सुट्टीत. दुसरी म्हणजे चंचल. मंचरच्या पेठेत तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण चंचलचं मराठी आमच्यापेक्षा खणखणीत, आणि भांडायला लागली की अस्सल मंचरचं. त्या सुट्टीत वायरच्या पिशव्यांचं खूळ होतं. अर्धी तिनं विणली, अर्धी मी. तिची वीण घट्ट, माझी सैल. त्यामुळे पिशवी भरली की एका अंगाला कलायची, आणि ती कोणामुळे कलते यावर आमचं भांडण कधीच मिटलं नाही.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी चंचल हमखास आमच्याकडे मुक्कामाला यायची. आई तिच्यासाठी कांदा-लसूण न घालता पिठलं करायची आणि आम्हालाही तेच खायला लावायची. फाट्यावर उतरलं की घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. त्याच सुमाराला उसात बिबट्या यायला लागला होता. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावकडचा माणूस दिवेलागणीला मुका चालत नाही. बरोबर कोणी नसलं तर एकटाच मोठ्यानं बोलतो, टाळ्या वाजवतो, पिकाशी गप्पा मारतो. परगावच्या माणसाला वाटेल, सगळ्या तालुक्याचं डोकं फिरलंय. चंचलनं तर स्वतःची आरोळीच काढली होती. "आलो रे आलो, बाजूला व्हा!" दुकानातल्या गिऱ्हाइकांची गर्दी हटवावी तशी ती बिबट्याला हटवायची.

आवाज जवळ आला की माझे वडील, आबा, ओट्यावरून विचारायचे, "कोण हाय?"

"पावणी हाय, मंचरची!"

"पावणी कशाची? घरचं हाय म्हनावं."

ती हसायची. पण पुढच्या खेपेला पुन्हा पावणीच म्हणायची. वागायला घरच्यासारखी, पाणी स्वतः घेणारी, आईला उलट उत्तर देणारी. पण ओट्यावर पाय ठेवताना तिला ते एवढंसं अंतर राखायचं असायचं. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची.

पुढं तिचं लग्न झालं ते आमच्याच वर्गातल्या महेंद्रशी. शेवटच्या बाकावर बसून खाली मान घालून हसणारा मुलगा. त्याच्या काकांचा कोचीला सुंठ-मिऱ्यांचा व्यापार होता. काकांनी बोलावलं आणि दोघं गेली. मागून महेंद्रची आईही तिकडंच राहायला गेली. सुरुवातीला चंचल दरवर्षी यायची. मग तिचे वडील गेले, आई गेली, भावांनी दुकान आवरलं आणि ते पुण्याला स्थायिक झाले. तेव्हापासून तिचं येणं थांबलं. फोनवर विचारलं की म्हणायची, "येईन गं." त्या 'येईन'मध्ये जोर नसायचा.

मला हे नीट कळत नव्हतं, कारण माझं माहेर आणि सासर एकाच गावात. मध्ये फक्त ओढा. घरात वाजलं की मी ओढा ओलांडते, वहिनीच्या हातचा चहा पिते आणि राग उतरला की परत येते. मालक म्हणतात, "तुझं म्हायेर म्हंजी मागचं दार."

तर गेल्या आषाढात, पेरण्या उरकल्यावर, गावातली मंडळी कन्याकुमारीच्या सहलीला निघाली. पावसाळ्यात तिकडं गर्दी नसते, हे एक कारण. आणि शेतकऱ्याला सवड तेव्हाच असते, हे दुसरं. वाटेत कोचीला दोन दिवस मुक्काम होता. मी आमची दोघांची नावं लगेच दिली. मला कन्याकुमारी काय, समुद्रच आहे. मला चंचलकडून 'येते' म्हणवून घ्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. फोनवर बोलणं वेगळं, समोरासमोर बसणं वेगळं. इतक्या वर्षांनी बोलण्यासारखं काही उरलंच नसेल तर काय करायचं?

कोचीचा पाऊस पावणा नव्हे. तो घरमालक आहे आणि माणसं त्याच्या घरात भाड्यानं राहतात. स्टेशनवर उतरलो तेव्हा पडत होता, मंडळींना लॉजवर सोडून आम्ही दोघं बोटीत बसलो तेव्हा पडत होता, पलीकडे मट्टनचेरीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हाही. पाणी खालीही आणि वरूनही, मध्ये आमच्या छत्र्या. माझ्या छत्रीची एक काडी सुटली तरी मी ती धरून होते. लांब बंदरातली मोठमोठी जहाजं धुक्यात उभी होती. मालकांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "ह्यातल्या एकात कांदा किती मावंल गं?" त्यांना जगातली कुठलीही मोठी वस्तू दाखवा, ते तीत कांदा भरून बघतात.

धक्क्यावरून पुढं अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी, उंच भिंती, कौलं, आणि सुंठ-मिरी-बारदानाचा दमट वास. दिवस मावळत आला होता. आम्ही दोन वळणं घेतली आणि लाईट गेली. भिजून माझा फोन बंद पडलेला, पत्ता त्यातच. अंधार, पाऊस, आणि दोन्ही अंगांना भिंती. आता सांगा, अवसरीचा माणूस अशा ठिकाणी काय करेल? मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग मोठ्यानं बोलायला लागले, "चला, चला! कोण हाय का? आमी आलोय!" तेवढ्यानं भागेना म्हणून खिशातून त्यांचा फोन काढला. त्यांच्या फोनमध्ये गाणी नाहीत, मंचरच्या मार्केटमधले लिलावाचे व्हिडिओ आहेत. तो आवाज त्यांनी फुल केला. मट्टनचेरीच्या त्या गल्लीत कांद्याच्या लिलावाची आरोळी घुमली.

एकेक खिडकी उघडली. लुंगीतली माणसं बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघू लागली. एका म्हाताऱ्यानं आम्हाला मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. मालकांनी त्याला मराठीत कांद्याची अवस्था सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन उघडली आणि वरून आवाज आला.

"अहो दाजी, बंद करा ते! इथं बिबट्या नाय!"

चंचल. जिना उतरताना तिची एक चप्पल वरच राहिली. एका पायात चप्पल घालून ती पावसात आली आणि मला मिठी मारली, आणि आमच्या दोघींच्या छत्र्या गल्लीतून वाहात गेल्या. बोलण्यासारखं काही उरलं असेल का, ही माझी काळजी तिथंच संपली. ती रडतही होती आणि मला रागावतही होती. "धक्क्यावर थांब म्हणले व्हते ना मी? न्यायला येणार व्हते ना?" इतक्या वर्षांनी केरळात राहूनही तिचं 'व्हते' जागच्या जागी होतं.

वर गेलो. घरभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपडे. कोचीत पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, नुसते मुक्कामाला असतात. आम्ही त्या साड्या-लुंग्यांच्या खालून वाकून आत शिरलो. महेंद्र तसाच, खाली मान घालून हसणारा, फक्त केस गेलेले. त्याची आई, आमची काकू, खुर्चीत बसली होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आबांची पोर. लई वाळलीस गं." माझं वजन बघता हे प्रेमाखेरीज दुसरं काही असणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे कोणाच्या घरी मोकळ्या हातानं जात नाहीत. शेतात जे पिकतं त्यातलं थोडं, वानवळा म्हणून, न्यायचंच. मी वायरच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, हुलगे, बाजरीचं पीठ आणि गुळाची ढेप भरली होती. चंचलनं पिशवी ओळखली. "अजून हाय ही?" म्हणत तिनं ती उचलली, आणि पिशवी एका अंगाला कलली. "बघ, तुझीच बाजू सैल," ती म्हणाली. मग सासूच्या पुढ्यात बसून एकेक वस्तू काढू लागली. शेंगा निघाल्या, हुलगे निघाले, पीठ, गूळ. आणि गुळाखालून निघाले कांदे. लालबुंद, निवडक, एकसारखे कांदे.

जैनाचं घर. वरून चातुर्मास.

मी मालकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. घराबाहेर पडताना त्यांनी माझ्या नकळत पिशवीचा तळ कांद्यानं भरला होता. मी त्यांना बजावून सांगितलं होतं, लहानपणीच्या बिनकांद्याच्या पिठल्याची गोष्टही सांगितली होती. "तसं न्हाई," ते पुटपुटले, "पर वानवळ्यात घरचं पीक नगं का? दुसऱ्याच्या शेंगा न्यायच्या आन् आपला कांदा ठेवायचा, हे काय बरं दिसतं?" शेंगा खरंच वहिनीकडून आणलेल्या होत्या.

चंचलनं ओठ दाबून धरले होते. ते हसू होतं की दुसरं काही, कळेना. काकूनं हात पुढं केला. एक कांदा उचलला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"आई, चातुर्मास हाय," महेंद्र हळूच म्हणाला.

"खायचा न्हाई म्हणून वास बी घ्यायचा न्हाई का?" काकू म्हणाली. "मंचरला बाजाराच्या दिशी पेठेत गाड्या लागायच्या. ह्योच वास यायचा सकाळधरनं. जन्मात कधी खाल्ला न्हाई मी कांदा, पर ह्याचा वास आला की मला वाटायचं, चला, आज गाव भरलंय."

मग तिनं तो कांदा परत पिशवीत ठेवला, हात धुतले, आणि खालच्या मजल्यावरच्या लीलाचेचीला, म्हणजे लीलाताईला, हाक मारायला लावली. चेची आली, कांदे बघून खूष झाली आणि टोपलीभर घेऊन गेली. थोड्या वेळानं त्याच टोपलीत केळ्याचे वेफर्स आणि फणसाचे गरे घालून परत आली. काकू मालकांना म्हणाली, "बघा दाजी. हितंबी रीत तीच हाय. भांडं मोकळं परत जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी महेंद्र मालकांना वखार दाखवायला घेऊन गेला. तिथं दोघांचा वाद जुंपला, पावसाळ्यात सुंठ लवकर नासते की कांदा, आणि तो जेवणाच्या ताटावरही चालूच राहिला. मी आणि चंचल बोटीनं नुसत्याच इकडून तिकडे फिरलो. तिला काही काम नव्हतं, मला काही बघायचं नव्हतं. ती मासळीवाल्यांच्या गर्दीतून मल्याळममध्ये वाट मागत पुढं जायची आणि माझ्याकडे वळून मराठीत त्यांची नक्कल करायची. शाळेतल्या बाईंपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज तिच्या गळ्यात अजून शाबूत होते. बोटीतली माणसं आमच्याकडे बघून हसत होती, का ते त्यांना माहीत नसताना.

पाऊस थोडा थांबला तेव्हा आम्ही धक्क्याच्या कडेला चहा घेतला. मी सरळ विचारलं, "श्रावणात येतेस का? आठ दिवस. नुसतं माहेरपण."

ग्लासात बघत ती मग म्हणाली, "मधे एका लग्नाला आले होते, तुला सांगितलं नाही. मंचरच्या स्टँडवर उतरले. एरवी स्टँडवर उतरलं की पाय आपोआप पेठेकडं वळायचे. त्या दिवशी वळलेच नाहीत गं. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान. मी तिथंच उभी. चहा घेतला, रिक्षा केली, हॉलवर गेले, अक्षता टाकल्या आणि परत. आता येऊन उतरू कोणाकडं?"

"माझ्याकडं."

"तुझ्याकडं पावणी म्हणून येईन. चार दिवस तू गोडधोड करशील. माहेर तसं नसतं."

माझ्या मागच्या दाराच्या माहेराची मला पहिल्यांदाच लाज वाटली. पाऊस पुन्हा आला. आम्ही दोघी एका छत्रीत, तिची चप्पल माझ्या पायावर.

तिच्या बोलण्यावर उत्तर सुचलं ते निघताना. चंचलनं वायरची पिशवी भरायला घेतली होती. मिरी, वेलदोडे, सोललेले दोन नारळ. मी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली, सगळं बाहेर ठेवलं आणि पिशवी मोकळीच तिच्या दाराच्या कडीला अडकवली.

"हे काय?"

"पिशवी राहू दे. भरून तूच आण."

"कुरियरनं पाठवते की."

काकू खुर्चीतूनच म्हणाली, "कुरियरनं वानवळा पोचतो व्हय गं? माणसानं पोचवायचा असतो."

"आणि ऐक," मी चंचलला म्हटलं. "पावणी म्हणून येणार असशील तर आधी फोन कर. मी गोडधोड करते. माहेरी येणार असशील तर फोन करू नको. लेक कधी कळवून येते का?"

धक्क्यापर्यंत तिनं माझा हात सोडला नाही, आणि आमची बोट दिसेनाशी होईपर्यंत एका हातानं छत्री आणि दुसऱ्या हातानं पदर सांभाळत उभी राहिली.

श्रावण आला, गेला. दिवाळी गेली, गुढीपाडवा गेला. फोन येतात. हॉस्टेलवरच्या मुलाची परीक्षा, काकूचे गुडघे, लीलाचेचीला लागलेली आमच्या कांद्याची चटक, सगळं बोलते. येण्याबद्दल एक अक्षर नाही. तीही काढत नाही, मीही काढत नाही. मालक कधी कधी म्हणतात, "तूच लावून बघ की फोन." पण मग ते निमंत्रण होईल, आणि निमंत्रण पावण्याला द्यायचं असतं. म्हणून मी चाळीत बसून कांदे निवडते आणि मोकळ्या खुंटीची राखण करते. माणसानं एवढं हट्टी असू नये, हे मला कळतं. पण माझी वीण सैल असली तरी गाठ पक्की आहे.

इथपर्यंत लिहून कागद बाजूला ठेवला होता. पुढचं आज लिहितेय, कारण काल संध्याकाळी लिहायला हात मोकळेच नव्हते.

काल दिवेलागणीला भुरभुर चालू होती. मी चाळीत होते, मालक ओट्यावर बसून फोनवर लिलाव बघत होते. फाट्याकडून एक रिक्षा आल्याचा आवाज झाला आणि थांबला. चिखलामुळे रिक्षा आत येत नाही, फाट्यावरच सोडते. मग थोडा वेळ काहीच नाही. नुसता उसाच्या पात्यांवर पावसाचा आवाज. आणि मग त्या उसाच्या मधून टाळी वाजली. एक, दोन. पाठोपाठ आरोळी.

"आले रे आले! बाजूला व्हा!"

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. मालकांनी लिलाव बंद केला. ओट्याच्या कडेला येऊन, आबा विचारायचे तसं, त्यांनी अंधारात विचारलं, "कोण हाय?"

आवाज थांबला. मला वाटलं, आता म्हणेल ते जुनंच, मंचरची पावणी. मी चाळीच्या दाराला धरून उभी होते, हात त्या मोकळ्या खुंटीवर. उसातून कोणीतरी चिखलात पाय रुतवत, धापा टाकत येत होतं, एका अंगाला कलून.

"घरचंच हाय, दाजी!" चंचल ओरडली. "पिशवी धरा आधी, हात तुटला माझा!"